छोट्या पाट्यांवर वेदरिंग करताना शाई पसरते, पांढुरका थर येतो, कडा उचलतात: नेमकं काय तपासायचं?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरची पाटी प्रिंट होते तेव्हा सुरेख दिसते. कापली की बरी दिसते. वेदरिंगचा, म्हणजे पाटी जुनी दिसावी म्हणून दिलेला वॉश (अगदी पातळ केलेल्या रंगाचा हात) लागला की पाच मिनिटांत बिघडते, आणि मग दोष वॉशला दिला जातो. वॉश बहुतेक वेळा निर्दोष असतो. चूक आधीच्या टप्प्यावर झालेली असते, शाई, वार्निश, कड किंवा गोंद यांपैकी कुठेतरी. ओलावा लागल्यावर ती फक्त उघडी पडते. म्हणून पुढच्या तपासण्या मागून पुढे, म्हणजे प्रिंटपासून सुरू होतात. सोपी आणि फुकटची तपासणी आधी, खर्चाची नंतर.

लक्षणं

- वॉश लावताच लाल-निळी अक्षरं पसरतात, काळी मात्र जागच्या जागी राहतात.
- पाटीच्या कडेपासून आत रंगीत ओघळ किंवा डाग सरकतो.
- वॉश वाळल्यावर पाटीवर धुक्यासारखा पांढुरका थर दिसतो.
- वॉश लागण्याआधीच, मॅट वार्निश मारल्यावर पाटी दुधाळ होते.
- कोपरे उचलतात, किंवा मधे बुडबुडा येतो.
- अक्षरं अंधुक दिसतात, मात्रा आणि अनुस्वार भरून जातात.
- डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील फिल्मच्या) खाली चंदेरी चकाकी दिसते.
- सगळं तांत्रिकदृष्ट्या नीट झालेलं असतं, तरी पाटी जुनी न वाटता फक्त मळलेली वाटते.

एकाच पाटीवर दोन-तीन लक्षणं असतील तर यादीत वर असलेलं आधी सोडवा. आणि कुठलीही चाचणी लेआउटवर चिकटवलेल्या पाटीवर करू नका. प्रत्येक शीटवर पाट्यांशेजारी त्याच रंगांची 1 सेंमी रुंद पट्टी छापायची सवय लावली, तर खालच्या जवळपास सगळ्या चाचण्या तिच्यावर होतात. एका पाटीच्या तीन प्रती छापणं हा या छंदातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

1. ओल्या बोळ्याची चाचणी

कानाचा कापसाचा बोळा पाण्यात बुडवून झटका आणि वार्निश न मारलेल्या पट्टीवर पाच सेकंद फिरवा. दुसरा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून शेजारी तेच करा. कुठल्या बोळ्याला कुठला रंग लागला ते पाहा.

घरगुती इंकजेट प्रिंटरपैकी बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ते कागदावर बसतात आणि पाण्याने सहसा हलत नाहीत. डाय पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे पाणी लागलं की तो पुन्हा प्रवासाला निघतो. काळं टिकलं आणि लाल पसरलं यात म्हणूनच काही गूढ नाही. एक फसगत मात्र होते: फोटो पेपरची सेटिंग निवडली की काही प्रिंटर काळा रंगही रंगीत शाया मिसळून बनवतात, आणि मग काळाही पसरतो. सेटिंग बदलून पट्टी पुन्हा छापली की उलगडा होतो.

लेझर प्रिंटचा टोनर प्लास्टिकचा असतो, उष्णतेने कागदावर वितळवलेला. पाण्याने त्याला काही होत नाही, अल्कोहोलनेही फारसं होत नाही. पण लॅकर थिनर किंवा ॲसिटोन लागलं की चिखल होतो. टोनर नखाने खरवडून निघत असेल तर तो नीट वितळलेला नाही. प्रिंटरमध्ये जाड कागदाची सेटिंग निवडून पुन्हा छापा. त्या सेटिंगला कागद सावकाश सरकतो आणि जास्त उष्णता मिळते. इंकजेटसाठी बनवलेला चकचकीत फोटो पेपर किंवा इंकजेटचा डेकल पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. वरचा थर आत वितळून चिकटला तर प्रिंटरच जातो.

रंग हलत असेल तर शाई बदलायची गरज नाही. पाटीला वार्निशने पूर्ण सील करायचं, एवढंच त्यातून कळतं.

2. डाग कुठून सुरू झाला?

बिघडलेली पाटी भिंगाखाली धरा. हा बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि निम्मं उत्तर इथेच असतं.

डाग कडेपासून आत शिरलेला असेल, म्हणजे कडेला गडद आणि आत फिकट होत गेलेली जीभ दिसत असेल, तर वरचं वार्निश ठीक आहे. पाटी वार्निशनंतर कापली, त्यामुळे कागदाची चिरलेली कड उघडी राहिली. कागदाचे धागे वातीसारखे वॉश आत ओढतात आणि शाई वार्निशच्या खालून पसरते. वरून चौथा हात मारून काही उपयोग नाही. क्रम असा हवा: छपाई, सील, कापणं, कडा रंगवणं, कडा सील करणं, मग चिकटवणं. कड रंगवायला पाटीच्याच रंगाची पेन्सिल किंवा ॲक्रिलिक रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश घ्या. पाण्याच्या शाईचा मार्कर नको, तो स्वतःच आत शिरतो. नंतर पाचसहा पाट्यांची गड्डी चिमट्याने धरून कडांवर वार्निशचा हलका फवारा मारला की काम होतं.

डाग मधेच, ठिपक्यांसारखे असतील तर वार्निशचा थर तिथे पातळ आहे किंवा धुळीच्या कणाखाली छिद्र राहिलंय. आणखी एक पातळ हात पुरतो.

सगळी अक्षरंच एका दिशेने घसरलेली असतील, तर वार्निशचा पहिला हात फार ओला पडला. स्प्रेमधलं सॉल्व्हंटही काही शाया विरघळवतं. पहिला हात 25 ते 30 सेंमीवरून, नुसता धुक्यासारखा द्यायचा. पृष्ठभाग ओला चमकायला नको. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. ब्रशने लावायचं पाण्याचं वार्निश डाय शाईवर पहिला थर म्हणून कधीही नको. ब्रशचा पहिलाच फटकारा अक्षर ओढून नेतो.

3. वाळायला किती वेळ दिला?

इंकजेट प्रिंट हाताला कोरडी लागली तरी शाईतले सावकाश उडणारे घटक कागदात असतात. छपाईनंतर 24 तास उघडी ठेवा, मग सील करा. शेवटच्या सीलनंतर पुन्हा 24 तास. दमट दिवसांत दुप्पट. घाई केली की वार्निश आत मऊ राहतं आणि वॉशमधलं सॉल्व्हंट त्याला सहज उचलतं. वाळलं की नाही हे पट्टीच्या कोपऱ्यावर नख दाबून बघा. ठसा उमटला तर थांबा. वासही सांगतो: नाक जवळ नेल्यावर सॉल्व्हंटचा वास येत असेल तर पाटी तयार नाही.

4. अक्षरं अंधुक: प्रिंट की प्रमाण?

HO आणि N ही मॉडेल रेल्वेची प्रमाणं. HO म्हणजे 1:87. प्रत्यक्षात 150 मिमी उंच असलेलं अक्षर इथे 1.7 मिमी होतं, N मध्ये, म्हणजे 1:160 ला, जेमतेम 0.94 मिमी. 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) एक ठिपका साधारण 0.085 मिमीचा, म्हणजे HO मधलं अख्खं अक्षर 20 ठिपक्यांत आणि N मधलं 11 ठिपक्यांत बसवायचं असतं. रोमन अक्षर त्यात कसंबसं निभावतं. देवनागरीला शिरोरेखा, वरची मात्रा, खालचा उकार आणि मधली पोकळी अशा चार गोष्टी त्याच उंचीत मावायला हव्यात, म्हणून 'ष', 'क्ष', 'द्ध' आधी बुजतात.

उपाय स्वस्तातले आधी. फाइल फोटोच्या स्वरूपात नको, वेक्टर पीडीएफ (ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेली) ठेवा; फोटो फाइलच्या कॉम्प्रेशनने अक्षरांभोवती करडी धूळ येते. प्रिंटरला 600 डीपीआय किंवा सर्वोत्तम दर्जा द्या. पानात बसवण्याचा पर्याय बंद करून 100 टक्के आकार निवडा, आणि शीटवर 100 मिमीची एक रेघ छापून मोजपट्टीने मोजा. ती 97 भरली तर पाट्याही तेवढ्याच आक्रसल्या आहेत. साधा कागद सोडून इंकजेटचा मॅट कोटेड कागद घ्या, कारण साध्या कागदात शाई धाग्यांवरून आडवी पसरते. फाँट उघड्या पोकळ्यांचा, मध्यम जाडीचा घ्या. ठळक फाँट लांबून वाचता येईल असं वाटतं, पण या आकारात तो बुजतोच.

शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा फाइलमध्येच टाळा. काळ्याऐवजी गडद करडा आणि पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर रंग घेतला, तर पाटी छापतानाच थोडी मुरलेली दिसते आणि पुढे वॉश कमी लागतो.

5. पांढुरका थर

धुकं एकच दिसलं तरी कारणं चार. पाटीवर ओल्या बोळ्याने पाण्याचा हलका स्पर्श करा, पाटी सील केलेली आहे याची खात्री असेल तरच. ओलं असताना धुकं नाहीसं झालं आणि वाळल्यावर परत आलं, तर वार्निशचा पृष्ठभाग खरखरीत झालाय. ही बातमी चांगली आहे, कारण पाटी वाचते.

फवारल्यावर काही मिनिटांतच दुधाळपणा आला तर हवा दमट होती. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे करू नका. साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवला की अंदाजपंचे काम संपतं.

हात फिरवल्यावर थर बारीक रवाळ लागला तर थेंब हवेतच वाळून पावडर होऊन पाटीवर बसले. अंतर जास्त किंवा हवा फार गरम आणि कोरडी. पहिला धुक्यासारखा हात सोडून बाकीचे 20 सेंमीवरून द्या.

पांढरे पट्टे किंवा ढग आले तर कॅन पुरेसा हलवलेला नाही. मॅटपणा देणारी बारीक सिलिका तळाशी बसते. आतली गोळी मोकळी वाजायला लागल्यावरही पूर्ण दोन मिनिटं हलवा. थंडीत कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा. गरम पाणी, शेगडी, हीटर यांच्या जवळपासही नाही.

आणि धुकं वॉश वाळल्यावरच आलं, तर वॉशमधलं अल्कोहोल आणि लॅकरचं मॅट वार्निश यांची गाठ पडली. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. अल्कोहोल वार्निशचा वरचा थर किंचित मऊ करून जातं आणि तो पांढरट होऊन वाळतो.

वरचे चारही प्रकार बहुधा एकाच उपायाने जातात: कोरड्या दिवशी ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात, पूर्ण वाळल्यावर मॅटचा एक पातळ हात. दोनदा करूनही धुकं राहिलं तर पाटी टाकून दुसरी घ्या.

पाचवं एक कारण वार्निशचं नसतंच. पाटी सुपरग्लूने चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी कडेभोवती पांढरी भुकटी दिसली, तर ती त्या गोंदाच्या वाफेची आहे. झाकलेल्या डब्यात चिकटवलं तर हमखास येते.

6. कुठल्या वार्निशवर कुठला वॉश

नियम एकच: वॉशचं सॉल्व्हंट आणि खालच्या वार्निशचं सॉल्व्हंट एका कुळातलं नको.

पाण्याच्या ॲक्रिलिक वार्निशवर ऑइल रंगाचा व्हाइट स्पिरिटमधला (ऑइल रंगाच्या थिनरमधला) वॉश निर्धास्त चालतो, अल्कोहोलचा मात्र नको, ते ॲक्रिलिक मऊ करतं. इनॅमल वार्निशवर उलट: पाण्यातला वॉश चालतो, व्हाइट स्पिरिट चालत नाही. लॅकरवर पाण्यातला वॉश सुरक्षित. कोरडी पिगमेंट पावडर किंवा किसलेला पेस्टल खडू कशावरही चालतो, आणि पाट्यांसाठी पहिली पसंती त्यालाच द्यावी. बिघडलं तर ओल्या बोळ्याने पुसता येतं. फक्त त्यावर शेवटी वार्निश मारलं की निम्मा परिणाम गायब होतो. हात लागणार नाही अशा जागी असलेल्या पाटीवर पावडर तशीच सोडा.

अल्कोहोलमधला इंडिया इंकचा वॉश वापरायचाच असेल तर 100 मिली अल्कोहोलला 1 ते 2 मिली शाई पुरते. त्याहून गडद केला की पाटी मळकट होते, मुरलेली नाही. बाटलीत गुठळ्या दिसल्या तर तो वॉश फेकून द्या. त्या गुठळ्या अक्षरांच्या कडेला अडकतात आणि निघत नाहीत.

7. उचललेल्या कडा, बुडबुडे, चंदेरी डेकल

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. कागद ते पिऊन फुगतो, वाळताना आक्रसतो आणि कोपरे उचलतात. कागदाची मागची बाजूही सील केली असेल तर हे निम्म्यावर येतं. त्याहून बरं म्हणजे ग्लू स्टिक किंवा पातळ दुहेरी चिकट फिल्म वापरायची आणि पाटी 0.25 मिमी स्टायरीनवर (पातळ प्लास्टिकच्या शीटवर) बसवून, वजनाखाली रात्रभर ठेवून मग लेआउटवर न्यायची. सुपरग्लू कागदातून आरपार जाऊन तेलकट डाग पाडतो, तो काढता येत नाही.

80 जीएसएमचा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो. HO मध्ये ती जाडी जवळपास 9 मिमी होते, N मध्ये 16. लाकडी फळीला चालेल, पत्र्याच्या पाटीला ती फार. पाटी उलटी धरून मागून 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या गोल फिरवणीने घासली की कड बारीक होते. जुन्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात करायची असेल तर कागद पारदर्शक वाटेपर्यंत घासा आणि विटांच्या सांध्यांत बोथट काडीने दाबून बसवा.

डेकलखालची चंदेरी चकाकी म्हणजे अडकलेली हवा. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, फिल्म त्याच्या उंचवट्यांवर टेकते आणि खाली हवा राहते. आधी ग्लॉस, मग डेकल, मग मॅट. आधीच लावलं असेल तर बारीक सुईने टोचून डेकल सेटिंग सोल्युशनचा थेंब सोडा आणि ओल्या बोळ्याने दाबा. इंकजेटने छापलेलं डेकल पाण्यात बुडवण्याआधी दोन-तीन पातळ हात देऊन सील केलेलंच हवं. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक डेकलवर पांढरी अक्षरं येणार नाहीत. पांढरा डेकल पेपर घेऊन भोवतालचा रंग छापावा लागतो.

8. सगळं नीट, तरी खरं वाटत नाही

इथे साहित्याचा दोष नसतो. खरी पाटी कशाची होती हे ठरवलेलंच नसतं.

लोखंडी पत्र्यावर भाजलेली इनॅमलची पाटी म्हणजे पत्र्यावर वितळवलेली काच. तिचा रंग उन्हाने जवळपास विटत नाही. तिचे टवके उडतात, तेही कोपऱ्यांवर, बोल्टच्या भोकांभोवती आणि दगड लागलेल्या जागी. म्हणून फिकट केलेली आणि वर टवके दाखवलेली इनॅमल पाटी जाणकाराला लगेच खटकते. टवक्याच्या आत आधी काळपट तपकिरी ठिपका, त्याच्या मधोमध गंजाचा नारिंगी कण, आणि खाली सरळ उतरणारा अगदी पातळ ओघळ. बाकीची पाटी चकचकीत राहू द्या. सॅटिन वार्निश मॅटपेक्षा इथे जास्त खरं दिसतं.

रंगवलेला पत्रा विटतो आणि त्यावर खडूसारखी पावडर येते. यासाठी पाटीच्या मूळ रंगात पांढरा मिसळून अगदी पातळ हात द्या, किंवा फाइलमध्येच रंग फिकट करा. लाकडी पाटीचा रंग रेषांच्या दिशेने पोपडे धरून निघतो आणि खालचं लाकूड करडं पडलेलं असतं, तपकिरी नाही.

टवक्याचं माप तर हमखास चुकतं. HO मध्ये ब्रशने टेकवलेला 1 मिमीचा ठिपका म्हणजे प्रत्यक्षात 87 मिमीचा, जवळजवळ तळहाताएवढा टवका. खरा 25 मिमीचा टवका 0.29 मिमी होतो. तो ब्रशने नाही, सुईच्या टोकाने किंवा स्पंजच्या एका तुटक्या कणाने द्यायचा. ओघळ नेहमी वरून खाली, आणि त्याला वर उगमस्थान हवं: बोल्ट, चीर किंवा टवका. छपराखालच्या पाटीवर पावसाचे ओघळ दाखवू नका, तिथे नुसती धूळ बसते. रुळांलगतच्या ठेंगण्या पाटीवर ब्रेकची तांबूस धूळ खालच्या बाजूने चढलेली असते, वरून उतरलेली नसते.

कुठे थांबायचं

वार्निशखाली पसरलेली शाई परत येत नाही. अशा पाटीवर वेळ घालवू नका, नवी छापा.

प्रिंटच्या रंगांत रेघा तुटत असतील तर हेड क्लीनिंग दोन-तीनदा करून नोझल चेक पाहा. तरीही खंड दिसले तर प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पुढच्या प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाईच वाया जाते. लेझर प्रिंटरचा गरम होणारा भाग घरी उघडू नका. तिथे तापमानही असतं आणि मेनचा विद्युतदाबही.

N किंवा त्याहून लहान प्रमाणात गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं हवी असतील, तर पांढरी शाई छापणाऱ्या व्यावसायिकाकडून डेकल करून घ्या. पितळी पत्र्यावर रसायनाने कोरलेल्या पाट्याही तशाच बाहेरून. स्वयंपाकघराच्या मोरीत फेरिक क्लोराइड हाताळायचं काम हे नाही.

लॅकर आणि थिनर फवारताना धुळीचा मास्क वाफा अडवत नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. डोकं जड झालं, चक्कर आली किंवा छातीत आवळल्यासारखं वाटलं तर त्या क्षणी काम टाकून मोकळ्या हवेत या, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे जा. खडू घासताना मात्र धुळीचा मास्क उपयोगी पडतो.

पाटीमागे दिवा बसवायचा असेल तर अडॅप्टरच्या पुढची 12 व्होल्टची बाजू तुमची. अडॅप्टरच्या मागे, भिंतीतल्या वायरीला हात लावायची वेळ आली तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.